समास मोठा ठेवा: एकटीच्या प्रवासवहीच्या कामाच्या नोंदी

२ सप्टेंबर: वहीची निवड

एकटीने करायच्या लांबच्या प्रवासात रोजनिशी ठेवायची आणि परतल्यावर ती दुसऱ्या कुणा एकटीच्या उपयोगी पडेल अशा स्थितीत आणायची, एवढेच हे काम आहे. या नोंदी वहीपुरत्याच असल्याने मी कोणत्या गावी होते हे त्यांत येणार नाही. शिवाय पुढचे मुक्काम आधीच लिहून ठेवणे शहाणपणाचे नाही.

वही ए६ मापाची, म्हणजे १०५ बाय १४८ मिलिमीटरची, शिवलेल्या बांधणीची घेतली. ए५ मापाची वही लिहायला ऐसपैस असते, पण ती पाठीवरच्या पिशवीत जाते आणि पिशवीत गेलेली वही रात्रीपर्यंत बाहेर येत नाही. बायकांच्या कपड्यांना खिसे नावापुरतेच असतात हे गृहीत धरूनच माप ठरवावे लागते. माझ्या प्रवासी पँटच्या खिशातून ए६ वहीसुद्धा अर्धी बाहेर डोकावत होती, म्हणून आतल्या बाजूने कापडी खिसा शिवून घेण्यात एक पूर्ण संध्याकाळ गेली. ती सत्कारणी लागली, कारण वही अंगावर असणे ही या कामाची पहिली अट आहे. तारेच्या बांधणीची वही मात्र मुद्दाम टाळली. तिची पाने भोकांपाशी सुटतात आणि नको असलेले पान फाडण्याचा मोह होतो. शिवलेल्या वहीतले एक पान फाडले की पलीकडचे जोडपानही सैल होते, त्यामुळे हात आवरला जातो.

५ सप्टेंबर: पहिले पान आणि शेवटचे पान

चौथ्या शतकाच्या अखेरीस एगेरिया नावाची एक स्त्री जेरुसलेम, सिनाई अशा तीर्थक्षेत्रांची यात्रा करत फिरली आणि तिने आपल्या ‘भगिनीं’ना उद्देशून तिचा वृत्तांत लिहिला. १८८४ साली इटलीतील अरेझ्झो येथे त्या वृत्तांताची अकराव्या शतकातली नक्कल सापडली, तेव्हा सुरुवातीची आणि शेवटची पाने गेलेली होती आणि उरलेल्या मजकुरात लेखिकेचे नाव कुठेच नव्हते. अभ्यासकांना ते सातव्या शतकातल्या एका साधूच्या पत्रावरून जुळवावे लागले. वहीची बाहेरची पाने सर्वांत आधी झिजतात ही गोष्ट दीड हजार वर्षांत बदललेली नाही. म्हणून पुढची दोन आणि मागची दोन पाने कोरी सोडली आणि तारीख, वहीचा क्रमांक व माझी आद्याक्षरे रोजच्या पानावर आतल्या कोपऱ्यात लिहायचे ठरवले.

‘सापडल्यास’ या मथळ्याखाली काय लिहावे यावर बराच वेळ गेला. घरचा पत्ता, पूर्ण नाव आणि फोन क्रमांक लिहिण्याची आपल्याला शाळेपासून सवय असते. परंतु वही ज्याच्या हाती पडेल त्याला त्याच वहीतून मी एकटी आहे, कोणत्या दिवशी कुठे होते आणि बहुधा पुढे कुठे जाणार आहे हेही कळणार. त्यामुळे केवळ या प्रवासापुरता उघडलेला एक ईमेल पत्ता लिहिला, ज्यात माझे नाव येत नाही.

११ सप्टेंबर: आखणी

उजव्या पानावर मजकूर आणि डावे पान तिकिटे, चिठ्ठ्या व नंतर सुचलेल्या गोष्टींसाठी मोकळे. उजव्या पानाच्या बाहेरच्या बाजूला पानाच्या एक तृतीयांश रुंदीचा समास आखला. एवढा समास म्हणजे कागदाची उधळपट्टी आहे असे आखताना वाटत होते. त्यात वेळ, खर्च आणि काही खुणा येतील: पाळीचे दिवस, स्वच्छतागृहाची स्थिती, रात्री झोप लागली की नाही. खुणांसाठी वर्तुळ, त्रिकोण, ठिपका अशी चिन्हे ठरवली आणि त्यांची किल्ली वेगळ्या कागदावर लिहून तो कागद घरीच ठेवला, म्हणजे वही कुणी उघडली तरी खाजगी गोष्टी खाजगी राहतील.

१९ सप्टेंबर: रात्रीचे लिखाण चालत नाही

प्रवास सुरू झाला आणि रात्री निजण्यापूर्वी तासभर लिहायचे हा बेत लगेच कोलमडला. सामायिक खोलीत दिवा लावला तर इतर बायकांची झोपमोड होते, आणि अंधारात मोबाईलच्या उजेडात लिहिलेले अक्षर सकाळी मलाच लागत नव्हते. त्याहून मोठी अडचण अशी की थकलेले मन घडलेले लिहीत नाही, निष्कर्ष लिहिते. ‘दिवस चांगला गेला, लोक आपुलकीने वागले’ असे एक वाक्य रात्री लिहिले होते. त्याच दिवसाबद्दल सकाळी लिहायला बसले, तेव्हा बसमधल्या आजींनी काही न बोलता माझ्या पायाशी असलेली पिशवी स्वतःच्या दोन पायांमध्ये ओढून घेतली आणि मी झोपी गेल्यावर तासभर तशीच धरून ठेवली, हे आठवले. ते रात्रीच्या वाक्यात कुठेच नव्हते.

आता पद्धत अशी आहे की जागेवर चार-पाच शब्दांचे टिपण करायचे, तेही फक्त नामे आणि क्रियापदे, आणि सकाळी निघण्यापूर्वी त्यावरून पूर्ण मजकूर लिहायचा. विशेषणे सकाळवर ढकलली तर निम्मी गळून पडतात.

२६ सप्टेंबर: चारचौघांत उघडलेली वही

एकटी बाई नुसती बसलेली दिसली तर ती कुणाची तरी वाट पाहत असेल किंवा तिला सोबत हवी असेल असा अर्थ काढला जातो. तीच बाई लिहीत बसली असेल तर ती कामात आहे असे मानले जाते. हा फरक इतक्या वेळा जाणवला की प्रतीक्षागृहात काही सुचत नसले तरी मी वही उघडून बसते. मात्र त्याला उलटी बाजूही आहे. शेजारी बसलेले गृहस्थ ‘काय लिहिता?’ असे विचारून थेट पानात डोकावतात, आणि पान झाकणे हे उद्धटपणाचे दिसते. यासाठी वहीच्या मध्यावर एक पान राखून ठेवले आहे, ज्यावर खर्चाचा कंटाळवाणा हिशोब आहे. कुणी डोकावले की ते पान उघडते. हिशोबाकडे दुसऱ्यांदा कुणी पाहत नाही.

मुक्कामाच्या जागेचे नाव आणि खोलीचा क्रमांक वहीत लिहिणे याच काळात बंद केले. ते दोन्ही मुक्काम सोडल्यानंतर लिहायचे.

३ ऑक्टोबर: शाई उडाली

या कामातील सर्वांत मोठे नुकसान. पाने नीटनेटकी राहावीत म्हणून मी घासून पुसता येणाऱ्या शाईचे पेन वापरत होते. दुपारी वाहनाच्या पुढच्या काचेमागे वही उन्हात राहिली आणि संध्याकाळी उघडली तर आठवड्याभराची पाने कोरी होती. फक्त निबेचे अस्पष्ट वळ दिसत होते.

कारण शोधल्यावर समजले ते असे: ही शाई खोडरबराने निघत नाही, ती घर्षणाच्या उष्णतेने रंगहीन होते. सुमारे ६० अंश सेल्सिअसला तिचा रंग जातो, आणि उन्हात उभ्या असलेल्या बंद वाहनाच्या काचेमागे तेवढी उष्णता सहज निर्माण होते. शाई कागदावरच असते, दिसत नाही इतकेच. तापमान शून्याच्या बरेच खाली, म्हणजे उणे १० ते २० अंशांच्या आसपास नेले की रंग परत येतो. घरगुती फ्रीजर साधारण उणे १८ अंशांवर चालतो, त्यामुळे आशा होती.

५ ऑक्टोबर: फ्रीजरमधून परत

मुक्कामाच्या जागेच्या मालकीणबाईंनी फारसे प्रश्न न विचारता फ्रीजरचा एक कप्पा रिकामा करून दिला. वही दोन प्लॅस्टिक पिशव्यांत हवा काढून घट्ट बांधली आणि रात्रभर ठेवली. सकाळी काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, हे महत्त्वाचे. थंड कागदावर हवेतील बाष्प जमून तो ओला होतो. वही खोलीच्या तापमानाला येईपर्यंत बंदच ठेवली.

अक्षरे परत आली, थोडी फिकट, पण वाचता येतील अशी. मात्र मी घासून पुसलेला मजकूरही त्यांच्याबरोबर परत आला, आणि तो नव्या मजकुराच्या खाली, त्याच ओळीत, एकावर एक उभा राहिला. एका ठिकाणी वर लिहिले होते, ‘थकवा आल्याने संध्याकाळी नदीवर गेले नाही’. त्याखाली दिसत होते, ‘दोघे जण बाजारापासून मागे होते. दुकानात शिरले. ते बाहेर थांबले. मागच्या दाराने निघाले.’ दुसऱ्या एका पानावर ‘निवास साधाच पण ठीक’ या वाक्याखाली ‘कडी आतून लागत नाही, खुर्ची दाराला लावून झोपले’ असे होते. अशी सात-आठ ठिकाणे निघाली. ही वही परतल्यावर घरचे वाचतील, काळजी करतील आणि पुढच्या वेळी निघताना अडवतील, या विचाराने मी ती वाक्ये पुसली होती. पुसून उरलेल्या वहीवर विसंबून दुसरी एखादी बाई त्या गावी गेली असती, तर तिला नदीकाठ निर्धोक आणि निवास ठीक वाटला असता.

सगळ्या पानांची, खालच्या वाक्यांसह, लगेच छायाचित्रे घेतली. दीड दिवस पाने उतरवून काढण्यात गेला. पुढचे सर्व लिखाण शिसपेन्सिलीने. ग्राफाइट पाण्यात विरघळत नाही, उन्हाने उडत नाही आणि विमानात गळत नाही. पाने एकमेकांवर घासून थोडे पुसट होते, पण ते चालण्यासारखे आहे. ज्यांना शाईच हवी असेल त्यांनी रंगकणांची, वाळल्यावर पाण्याने न फुटणारी शाई घ्यावी. खोडरबर मी मालकीणबाईंच्या मुलीला देऊन टाकला. चुकलेले वाक्य आता एका रेघेने खोडायचे, वाचता येईल असे.

८ ऑक्टोबर: समासाचा नवा उपयोग

वही कुणासाठी, याचा निर्णय आधी व्हायला हवा होता. इझाबेला बर्ड या ब्रिटिश प्रवासी लेखिकेने १८७३ साली अमेरिकेतल्या रॉकी पर्वतातून फिरताना आपली बहीण हेन्रिएटा हिला पत्रे लिहिली आणि त्या पत्रांचे पुढे पुस्तक झाले. छापताना त्यांतला खाजगी भाग गाळला गेला. हा क्रम मला कामाचा वाटतो: विश्वासाच्या एका व्यक्तीला सगळे लिहायचे आणि गाळणी नंतर, वेगळ्या कागदावर लावायची. मी मात्र मूळ वहीतच गाळत होते. आता वहीच्या आतल्या पानावर एका मैत्रिणीचे टोपणनाव लिहिले आहे. ती एकटीने फिरते आणि तिला खोटे सांगून भागत नाही.

समासात आता सावधगिरीचा हिशोब येतो, म्हणजे दिवसभरात केवळ बाई असल्यामुळे घेतलेले निर्णय. कोणत्या आसनावर बसले आणि का. कुठून किती वाजता मागे फिरले. ‘एकट्याच आहात का?’ या प्रश्नाला काय उत्तर दिले; पाणी कमी प्यायले, कारण पुढच्या थांब्यावर स्वच्छतागृह असेल याची खात्री नव्हती. यातले बहुतेक निर्णय आपण इतक्या सवयीने घेतो की ते घेतले हेच लक्षात राहत नाही. पहिल्याच दिवशी समास मजकुराच्या आधी भरला. एक तृतीयांश रुंदी उधळपट्टी नव्हती, उलट थोडी कमीच पडली.

१७ ऑक्टोबर: अप्रिय प्रसंगाची नोंद

प्रसंगाचे तपशील इथे देत नाही; मी सुखरूप आहे आणि तक्रार नोंदवली आहे. वहीपुरते सांगण्याजोगे हे की अशी नोंद त्याच तासात लिहावी आणि तिचा क्रम ठरलेला असावा: वेळ, जागा, काय घडले ते घडले त्या क्रमाने, कोण बोलले आणि शक्य तितके त्याच्याच शब्दांत, आसपास कोण होते, मी काय केले, कुणाला कळवले. वाहनाचा क्रमांक असेल तर तोही. मनात काय चालले होते ते समोरच्या डाव्या पानावर, आणि तेही लगेचच. पण दोन्ही एकाच परिच्छेदात मिसळू नयेत. तक्रार लिहून घेणाऱ्याने मला ‘नक्की किती वाजता?’ हे पुनःपुन्हा विचारले आणि प्रत्येक वेळी मी वहीत पाहून एकच उत्तर देऊ शकले. त्या पानाचे छायाचित्र त्याच ठिकाणाहून मैत्रिणीला पाठवले, म्हणजे वही हरवली तरी नोंद उरेल.

२४ ऑक्टोबर: वहीचा पंचनामा झाला

आठवड्याभराची पाने वाचली आणि कंटाळा आला. समास काठोकाठ भरलेला, आणि मुख्य मजकूर म्हणजे निघाले, पोचले, कडी तपासली. वाचणाऱ्या बाईला यावरून घरी बसणेच बरे असे वाटेल. प्रवासात भीती जेवढी जागा घेते त्याहून अधिक जागा मी तिला कागदावर देत होते.

तुर्कस्तानातील ब्रिटिश राजदूताच्या पत्नी लेडी मेरी वर्टली माँटेग्यू यांनी १७१७ साली सोफिया शहरातील स्त्रियांच्या हमामाचे, म्हणजे सार्वजनिक स्नानगृहाचे, वर्णन पत्रात लिहिले. पुरुष प्रवाशांना तिथे प्रवेशच नव्हता, तरीही ते तेथील स्त्रियांविषयी खुशाल लिहीत होते, आणि माँटेग्यूबाईंनी त्यांच्या त्या लिखाणाची चांगलीच खबर घेतली आहे. बाई असल्यामुळे काही दारे बंद होतात हे मी रोज मांडत होते. उघडलेल्या दारांची नोंद कुठेच नव्हती.

म्हणून आज समासाच्या वरच्या भागात ‘आत बोलावले’ अशी ओळ सुरू केली. लगेच भरलीसुद्धा. स्थानकावरच्या स्त्रियांच्या प्रतीक्षालयात एक बाळंतीण बाळाला घेऊन बसली होती. तिच्या सासूने मला खुणेने जवळ बोलावले, माझ्या हातात ओढणीचे एक टोक दिले, दुसरे स्वतः धरले आणि त्या आडोशाला सून बाळाला पाजायला बसली. हात अवघडेपर्यंत मी ते टोक धरून उभी होते, आणि सासूबाई मला न समजणाऱ्या भाषेत बहुधा सुनेच्या तक्रारी सांगत होत्या, कारण सून मधूनमधून हसत होती. या बायकांची नावे मी लिहिली नाहीत आणि छायाचित्र घेतले नाही. आडोसा धरायला बोलावले होते, टिपायला नव्हे. मजकूर बाहेर देताना जागा आणि दिवसही बदलून देणार आहे.

२ नोव्हेंबर: सीमेवर

तपासणी नाक्यावर अधिकाऱ्याने वही मागितली आणि सावकाश चाळली. अक्षरे त्याला वाचता येत नव्हती, पण एका पुलाचे रेखाटन दिसले आणि तिथे तो थांबला. पूल, नाके आणि लष्करी इमारती यांची छायाचित्रे किंवा रेखाटने करण्यास अनेक देशांत मनाई असते. अर्धा तास आणि बरीच विनवणी खर्ची पडली. सीमेच्या अलीकडे-पलीकडे एक-दोन दिवस रेखाटन करू नये, आणि आधीच्या सर्व पानांची छायाचित्रे सीमा ओलांडण्यापूर्वी दुसरीकडे जपून ठेवावीत.

१५ नोव्हेंबर: परतल्यावर

उतरवून काढण्याचे काम अंदाजाच्या दुप्पट वेळ घेत आहे. अडलेल्या गोष्टी:

चिन्हांची किल्ली घरी सापडली, पण वाटेत मी दोन नवी चिन्हे काढली होती आणि ती किल्लीत नाहीत. भरीव त्रिकोण म्हणजे अस्वच्छ संडास की बंद संडास, हे आता सांगता येत नाही. यापुढे चिन्हे नाहीत. पाळीसाठी ‘पा’, स्वच्छतागृहासाठी ‘स्व’ आणि पुढे साधा शब्द. हे लपवण्यासारखे आहे असे मानल्यामुळेच उपयोगी माहिती हातची गेली.

डाव्या पानांवर चिकटवलेली बरीच तिकिटे कोरी पडली आहेत. ती उष्णतेने छपाई होणाऱ्या कागदाची होती. असा कागद उन्हाने आणि उबेने फिका पडतो, आणि वरून पारदर्शक चिकटपट्टी लावली तर तिच्या गोंदानेही अक्षरे जातात. तिकिटावरचा मजकूर त्याच दिवशी शेजारी पेन्सिलीने लिहावा, म्हणजे तिकीट केवळ शोभेला उरते.

कॅमेऱ्याचे घड्याळ घरच्या वेळेवरच राहिले होते, त्यामुळे छायाचित्रे आणि नोंदी जुळत नाहीत. वेळ बदलणाऱ्या प्रत्येक सीमेनंतर स्थानकावरच्या घड्याळाचे एक छायाचित्र घेतले असते, तर फरक सहज काढता आला असता.

२८ नोव्हेंबर: दुसऱ्यांना देण्याची प्रत

दोन प्रती होत आहेत. पहिली संपूर्ण, फक्त मैत्रिणीसाठी. दुसरी मागेल त्या बाईसाठी: तीत मुख्य मजकूर निम्म्याने कमी केला आहे, समास मात्र जवळजवळ पूर्ण ठेवला आहे, कारण आतापर्यंत ज्या दोघींनी कच्ची प्रत वाचली त्यांनी प्रश्न विचारले ते समासावरूनच. एकीला कोणत्या थांब्यावर स्वच्छतागृह होते ते हवे होते, दुसरीला ‘एकट्याच आहात का?’ या प्रश्नाची माझी सगळी उत्तरे. छायाचित्रांतली स्थळाची दडलेली माहिती काढून टाकली आहे आणि मला घरात घेणाऱ्या बायकांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

घरच्यांना कोणती प्रत द्यायची यावर विचार केला आणि दुसरीच दिली. आईने खुर्ची दाराला लावल्याचे पान वाचले आणि पुढच्या वेळी दाराखाली सरकवायची रबरी पाचर बरोबर ने, असे सांगितले. सामानाच्या यादीत ती घातली आहे. नव्या वहीत समास निम्म्या पानाचा आखला आहे. जोडपाने मोजून पाहिली, पुढच्या प्रवासाला पुरतील.